एकाच बाजूचा स्लायडर

मावळात एका धरणाच्या मागे डोंगराला लागून कच्ची वाट जाते. त्या वाटेवर माझ्या ट्रकच्या डाव्या दाराखाली दगड घुसला, आणि पत्रा फाटतानाचा आवाज थेट माझ्या दातांत गेला. माझा ट्रक म्हणजे जुना फोर-बाय-फोर पिकअप, पुढे तिघांना पुरेल असा सलग बाक आणि मागे उघडा हौदा. स्टिअरिंगवर मी, मध्ये माझी धाकटी बहीण, दाराशी तिचा नवरा. मी सणसणीत शिवी हासडली. बहिणीचा नवरा हसला. बहिणीने मांडीवरचा थालीपिठांचा डबा घट्ट धरला आणि ती समोर बघत राहिली.

खाली उतरून पाहिलं तर दाराखालचा पत्रा आत चेपला होता आणि दार उघडत नव्हतं. जावईबापूंना माझ्या बाजूने, स्टिअरिंगखालून सरपटत बाहेर यावं लागलं. जावईबापू हे त्यांचं आमच्या घरातलं नाव, आईने ठेवलेलं. ते कपडे झटकत शांतपणे म्हणाले, "ताई, आता स्लायडर टाकायलाच पाहिजेत."

दगडधोंड्यांतून गाडी नेणारे लोक दाराखाली दोन्ही बाजूंना जाड लोखंडी पाइप बसवतात. ते पत्र्याला नाही, खालच्या सांगाड्याला म्हणजे चेसिसला आवळायचे. दगड आला की तो पाइपवर आपटतो, गाडी त्यावरून घसरत पुढे जाते आणि पत्रा वाचतो. म्हणून त्यांना स्लायडर म्हणतात. तयार मिळतात. पण मी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवते. मी स्लायडर विकत आणायचे म्हणजे आचाऱ्याने घरच्या पंगतीला हॉटेलातून वरणभात मागवायचा.

प्रश्न जागेचा होता. आम्ही, म्हणजे आई आणि मी, कसबा पेठेत राहतो. आमच्या बोळात दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला माघार घ्यावी लागते, ट्रक नदीकाठच्या रस्त्याला उभा असतो. सरकारी यंत्रावर घरचं काम मी करत नाही. जावईबापूंचा बंगला मात्र विश्रांतवाडीच्या पुढे आहे, पूर्वी जिथे गाव होतं आणि आता शहर आहे तिथे. शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, घरात पैसा आला, आणि दारापुढचं अंगण तेवढं गावासारखं मोठं राहिलं.

"आपल्या अंगणात करू की," ते म्हणाले. "वेल्डिंगची मशीन हाय, जागा हाय. रविवारी येत जा तुम्ही."

मी लगेच हो म्हटलं. स्लायडर हे निमित्त होतं. मला त्या घरात दिवसभर बसायला कारण हवं होतं, कारण माझ्या बहिणीला तिथे मार बसतोय असा मला संशय होता.

संशयाला आधार म्हणाल तर एका ओळीचा. अधिक महिन्यात आईने लेक-जावयाला जेवायला बोलावलं होतं. जावयाला धोंड्याचं वाण द्यायचं असतं. आईने चांदीचं ताट काढलं, त्यात तेहतीस अनारसे रचले, वर दिवा ठेवला, गुडघे दुखत असताना खाली बसून त्यांचे पाय धुतले. ते संकोचून म्हणत होते, "आई, राहू द्या हो." भर उन्हाळ्यात बहिणीने मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घातला होता. आमटी वाढताना बाही वर सरकली आणि दंडाच्या खाली चार निळे डाग दिसले, ओळीने. चार बोटांचेच असतात तसे.

स्वयंपाकघरात गाठून विचारलं तर म्हणाली, "बांगडी रुतली."

"इतक्या वर?"

"ताई, तुला सगळीकडे भांडणच दिसतं."

खरी गोम इथेच होती. माझ्या नाकावर राग आहे हे सगळ्या पेठेला माहीत आहे. आळंदी रोडला एका गाडीवाल्याने मला कट मारला तेव्हा सिग्नलला त्याच्या आरशावर मी पाना मारला होता, आणि तो खळ्ळकन खाली आला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. रिक्षावाले, वाणी, सोसायटीचे चेअरमन, कोणी सुटलेलं नाही. आणि जावईबापू म्हणजे आवाजसुद्धा चढवत नाहीत. हॉटेलात वेटरने अंगावर सांबार सांडलं तरी "असू दे रे" म्हणणारा माणूस. मी आईला डागांचं सांगितलं तेव्हा ती निवडत असलेल्या मेथीवरून नजर न काढता म्हणाली, "इतका शांत जावई मिळाला, तर तुला तेही बघवेना." भांडकुदळ बाईची साक्ष कोण काढणार?

म्हणून रविवार. सकाळी ट्रक अंगणात लावायचा, दिवसभर काम करायचं, डोळे उघडे ठेवायचे.

काम मला आवडतं हे लपवून काय उपयोग. पाइप कापायला ग्राइंडर लावला की तो किंचाळतो, ठिणग्यांचा फवारा पायावर येतो, चामड्याच्या बुटाला जळका वास सुटतो. चेपलेला पत्रा बाहेर काढायला आतून लाकडाचा ठोकळा लावून मी घण मारत होते आणि प्रत्येक घावाला तोंडाने "हां" म्हणत होते. लोखंडाला मारलेलं चालतं. ते रडत नाही आणि दुसऱ्या दिवशी लांब बाह्या घालत नाही. जावईबापू पलीकडे बसून पाइप मोजायचे, खडूने खुणा करायचे. हात चांगला होता त्यांचा. आम्ही दोघं मिळून काम करताना कोणी पाहिलं असतं तर सख्खे बहीणभाऊ म्हटलं असतं. मलाही अधूनमधून वाटायचं, की चुकत असेल आपलं.

घरात तिसरी व्यक्ती बहिणीची सासू. ती हॉलमध्ये खिडकीला लागून पलंगावर बसलेली असायची, समोर टीव्ही. खिडकीतून तिला अंगण दिसायचं आणि आतलं स्वयंपाकघरही. मला बघून हात वर करायची, "या वो ताई. च्या टाकायला सांगू का?" बाई प्रेमळ. मालिका बघता बघता माझ्यासाठी शेंगा सोलून ठेवायची.

एकदा मी ट्रकखाली पाठीवर पडून चेसिसला बोल्ट आवळत होते. जावईबापू म्हणाले, "पाणी घेऊन येतो." ते आत गेले. जरा वेळाने टीव्हीचा आवाज एकदम वाढला. मालिकेतली बाई इतक्या मोठ्याने रडायला लागली की माझ्या छातीवर असलेल्या चेसिसलासुद्धा ते ऐकू गेलं असेल. मग आवाज कमी झाला. जावईबापू तांब्या-भांडं घेऊन आले. "उन्हाचं जरा सावकाश प्या," म्हणाले. त्या दिवशी जेवायला बहीण बाहेर आली नाही. डोकं दुखतंय, असं सासूने सांगितलं.

म्हातारीला कमी ऐकू येत असेल, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. ते आत गेले, टीव्ही मोठा झाला, टीव्ही लहान झाला, ते बाहेर आले. या वेळी मी हातातला पाना टाकून तशीच काळ्या हातांनी स्वयंपाकघरात गेले. बहीण पोळ्या लाटत होती. पाठ माझ्याकडे.

"काय झालं?"

"काय होणार?"

"इकडे बघ."

"पोळी करपेल ताई." तिने तवा दोनदा फिरवला. पोळी कच्ची होती. मी तिला खांद्याला धरून वळवणार होते, पण माझे हात ग्रीसने भरले होते. तेवढ्यात सासूने दारात येऊन विचारलं, "काय पायजे का वो ताई?" मी म्हटलं, मीठ. काय सुचलं कोण जाणे. मीठ घेऊन अंगणात आले आणि ट्रकच्या चाकाला लाथ मारली. अंगठ्याचं नख काळं पडलं.

आईला पुन्हा सांगितलं. "तू पाहिलंस?" आईने विचारलं. नव्हतं पाहिलं. ऐकलं तेही टीव्हीचं.

उजव्या बाजूचा स्लायडर मी माझ्या हाताने पुरा केला. त्यात एक खुबी आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका स्लायडरला दोन लांब पाइप, त्यांच्यामध्ये तेवढीच लांब पट्टी, आणि ती पट्टी दोन्ही पाइपांना जोडायची. आता लोखंड तापलं की पसरतं आणि निवताना आकसतं. एका टोकाकडून सुरुवात करून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ वेल्डिंग मारत गेलं, की सगळा पाइप त्या बाजूला ओढला जाऊन वाकतो. म्हणून आधी थोड्या थोड्या अंतरावर टाके घालायचे, शिंपी कच्ची शिवण घालतो तसे. मग बोटभर इथे मारायचं, बोटभर त्या टोकाला, मग मध्ये, मग उलट बाजूला. प्रत्येक ठिकाणी निवू द्यायचं. मी आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात हे शिकवते आणि वर्षाच्या शेवटीही अर्धा वर्ग सरळ मारत सुटतो, कारण सरळ मारत सुटण्यात मजा असते.

त्या दिवशी बहीण चहा घेऊन आली होती आणि थांबून बघत होती. "हे असं का करतेस, मध्ये मध्ये सोडून?" तिने विचारलं. मी कच्च्या शिवणीचं सांगितलं. ती हसली. त्या अंगणात मी तिचं हसू तेवढं एकदाच पाहिलं. लहानपणी ती बाहुलीचे कपडे शिवायची, तेव्हाही कच्ची शिवण घालायची आणि मी तिला चिडवायचे. जावईबापूही हसले.

उजवा स्लायडर बसला. जॅक त्याच्याखाली लावून आख्खी बाजू उचलली, खाली आपटली, वर घण घातला. तसूभर हलला नाही. डावा पुढच्या रविवारी करायचा ठरला.

मी गेले तेव्हा तो तयार होता. "सरप्राइज!" जावईबापू म्हणाले. शनिवारी त्यांनी एकट्याने बसून सगळं वेल्डिंग उरकलं होतं. वेल्डिंगची शिवण देखणी होती, एका हाताने न थांबता ओढलेली. आणि स्लायडर धनुष्यासारखा वाकला होता. ट्रकखाली धरला तर मध्ये चेसिसला टेकायचा आणि दोन्ही टोकं बाहेर राहायची, मूठभर अंतराने.

मी शक्य तेवढं सौम्य बोलले. माझ्या मानाने तर पुष्कळच सौम्य. "वाकलाय. एका दमात मारलंत ना?"

"आवळला की बसेल."

"नाही बसणार. कापून परत जोडू. तुकडे माझ्याकडे आहेत."

"बसेल," ते म्हणाले, त्याच आवाजात. त्यांनी हातात चामड्याचे मोजे चढवले, स्लायडर जमिनीवर टाकला आणि वाकलेल्या जागी घण मारायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चेहऱ्यावर काही नाही. कपाळाला आठी नाही की तोंडातून आवाज नाही. घण मारताना मी ओरडते, वर्गातली मुलं ओरडतात, माणूस ओरडतोच. हा माणूस भाजी निवडल्यासारखा घण मारत होता. स्लायडर सरळ झाला नाही, फक्त पट्टीवरची ती देखणी शिवण मधोमध तडकली.

बहीण चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिने तडकलेली शिवण पाहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "काल म्हटलं होतं मी, आधी कच्ची शिवण घाला म्हणून."

मग टीव्ही मोठा झाला.

हे मी शपथेवर सांगू शकते. हात नंतर उठला. आधी टीव्ही मोठा झाला. खिडकीत म्हातारीचा रिमोट धरलेला हात मला दिसला. तिला माहीत होतं. बहिणीलाही माहीत होतं, कारण तिने वळून ट्रे ट्रकच्या बॉनेटवर ठेवला, कप सांडू नयेत अशा बेताने, आणि सरळ उभी राहिली. जावईबापूंनी घण खाली ठेवला, दोन पावलं चालत गेले आणि चामड्याचा मोजा घातलेल्या हाताने तिच्या कानशिलात मारली. मग त्याच हाताच्या पाठीने दुसरी. ती हललीसुद्धा नाही. मी तिथे आहे हे ते विसरले नव्हते. माझ्यादेखत मारलं तरी मी काय करणार आहे, असा त्यांचा हिशेब असावा. किंवा मी बघावं म्हणूनच मारलं असेल. वरून कीर्तन आणि आतून तमाशा म्हणतात, पण या माणसाचं आतूनही कीर्तनच चालू होतं. श्वाससुद्धा वाढला नव्हता.

माझ्या पायाशी कापून उरलेला पाइपचा हातभर तुकडा पडला होता. तो मी कधी उचलला ते मला आठवत नाही, मारला ते आठवतं. पहिला घाव त्यांच्या त्या उजव्या हातावर, मनगटाच्या वर. ओल्या लाकडाची फांदी मोडल्यासारखा आवाज आला. ते गुडघ्यावर बसले तेव्हा दुसरा खांद्यावर. मी ओरडत होते, काय ते शेजारच्या इमारतीतल्या लोकांना विचारावं, सगळे गॅलरीत आले होते. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. एवढे दिवस लोखंडावर घातलेला घण मला याच्यावर घालायचा होता. तिसरा घाव मी डोक्यावर घालणार होते. पाइप वर गेला आणि वरच अडकला. दुसरं टोक बहिणीने धरलं होतं, दोन्ही हातांनी.

"पुरे," ती म्हणाली. तिच्या ओठातून रक्त येत होतं.

टीव्ही बंद झाला. म्हातारी धावत बाहेर आली आणि लेकाशेजारी जमिनीवर बसली. "आवं, माझ्या लेकराचा हात मोडला वो हिनं! घरातली गोष्ट हाय ही, तुमी कोन मधी पडनार? कुठल्या घरात बापय हात उचलत न्हाई? चौकीत जाते मी!"

"चला," मी म्हटलं. "बरोबरच जाऊ. रिमोटही घ्या."

जावईबापू मोडलेला हात पोटाशी धरून बसले होते. त्यांना घाम फुटला होता, पण आवाज तसाच होता. "हे बरं नाही केलं तुम्ही, ताई." बोलत होते माझ्याशी. बघत होते तिच्याकडे.

ती नजर मी पाहिली आणि माझा सगळा आनंद उतरला. बहिणीनेही पाहिली. ती माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "ताई, तू मारलंस. आता तू घरी जाशील. हे मला भोगावं लागेल."

माझ्या हातात अजून पाइप होता आणि त्याला बहिणीच्या हाताचं रक्त लागलं होतं. कापलेल्या टोकाला धार असते, तिने तीच बाजू धरली होती.

"मला ने," ती म्हणाली.

ती आत गेली. म्हातारी तिला हाका मारत होती, आधी शिव्या देऊन आणि मग "बाळा" म्हणून. ती गॅस बंद करून बाहेर आली. हाताला ओढणी गुंडाळली होती, दुसऱ्या हातात पर्स. जावईबापूंच्या बाजूने न जाता ट्रकच्या मागून वळसा घालून डाव्या दारापाशी आली. तो वाकडा स्लायडर दारापुढे पडला होता, तो ओलांडून आत चढली. मी पाइप हौद्यात फेकला आणि स्टिअरिंगवर बसले. किल्ली तिसऱ्या वेळी लागली.

फाटकातून बाहेर पडलो, कोपऱ्यावर वळलो आणि मी गाडी बाजूला घेतली. ती दाराला टेकून बसली होती, आणि ते दार मी ठोकून सरळ केलेलं असलं तरी त्याच्या कुलपाचा मला भरवसा नव्हता. तिच्या बाजूचा सीटबेल्ट जरा अडकतो, हिसका दिल्याशिवाय येत नाही. "थांब, मी लावते," असं म्हणून मी तिच्यासमोरून हात नेला.

तिने दोन्ही कोपरं वर घेऊन तोंड झाकलं.

नवऱ्याचा हात उठला तेव्हा ती सरळ उभी होती. माझ्यापुढे ती अंग चोरून दाराच्या कोपऱ्यात शिरली, डोळे मिटून, आणि वाट बघत राहिली.

मी हात मागे घेतला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, तिला दिसतील असे. पुष्कळ वेळाने तिने डोळे उघडले आणि बेल्ट स्वतः ओढून घेतला.